मीठ सोडलं, सोडियम नाही

उरणच्या माणसाला मीठ शिकवावं लागत नाही. खाडीचं पाणी बांध घालून वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, फळीनं ओढून पांढरे ढीग लावायचे, हे सगळं पाहिलेली माणसं अजून घराघरांत आहेत. आमच्या आत्याबाई त्यांतल्याच. तीन वर्षांपूर्वी त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, आणि त्यांनी ते मनावर घेतलं. कालवणात मीठ अर्धं केलं, ताटात वरून घेणं बंद केलं. पण प्रेशर काही हलेना.

मागच्या आठवड्यात दुपारी त्यांच्याकडे चहाला बसले होते. समोर शेवेचं पाकीट. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मीठ त मी कवाच सोरलंय, बाय."

खोटं नव्हतं ते. पाकीट उलटून पाहिलं तर मीठ हा शब्द मागच्या पोषणाच्या तक्त्यात कुठंच नव्हता. सोडियम होतं. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं: २ ग्रॅम. प्रौढ माणसानं दिवसाला ५ ग्रॅमच्या वर, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याच्या वर, मीठ खाऊ नये. दोनशे ग्रॅमचं ते पाकीट अर्धं रिकामं होतं. दिवसाच्या मिठातला ४० टक्के वाटा एका चहाबरोबर पोटात गेला होता, आणि बाई रात्री अळणी आमटी जेवणार होत्या.

शेजारच्या रकान्यात मात्र १२ टक्के छापलं होतं. तेही खोटं नाही. ते ३० ग्रॅमच्या एका 'सर्व्हिंग'चं आहे. तीस ग्रॅम शेव म्हणजे एक मूठ. पाकीट मांडीवर घेऊन बसलेला माणूस एका मुठीवर थांबतो का? म्हणून माझं सांगणं असं की सर्व्हिंगचा रकाना सोडून द्या. १०० ग्रॅमचा वाचा आणि आपण किती खाल्लं ते आपणच धरा.

आता सरकारशी भांडण. २०२० च्या लेबल नियमांत दिवसाचं प्रमाण लिहिताना २००० मिलिग्रॅम सोडियमपुढे ५ ग्रॅम मीठ असा खुलासा आहे. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की लोकांना मीठ कळतं. तो खुलासा नियमाच्या पुस्तकात राहिला, पाकिटावर उतरलाच नाही. युरोपात पाकिटावर सोडियम नाही, सरळ मीठच लिहितात, कारण गिऱ्हाइकाला तो शब्द कळतो. इथल्या न्हावा-शेवा बंदरात उतरणाऱ्या युरोपातल्या चॉकलेटवर मीठ लिहिलेलं असतं, आणि मिठागरांच्या तालुक्यात विकल्या जाणाऱ्या आपल्या शेवेवर नसतं.

भाषेचंही तेच. लेबलचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत हवा, बाकी भाषा हवी तर घाला, असा नियम आहे. कोण घालतंय? दुकानावरची पाटी मराठीत हवी म्हणून २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला, त्यासाठी कोर्टापर्यंत लढाई झाली, आणि ते योग्यच झालं. पण पाटी वाचून कुणाचं प्रेशर उतरत नाही. पाटीच्या आतल्या पाकिटावर मराठी हवी, आणि तिच्यासाठी अजून कुणी रस्त्यावर उतरलेलं मी पाहिलं नाही.

जागा नाही, खर्च येतो, ही सबब उरणात तरी सांगू नये. बाहेरून आलेल्या खाण्याच्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता नसेल, शाकाहारी-मांसाहारी खूण नसेल, तर माल सुटण्याआधी बंदराच्या गोदामात स्टिकर चिकटवून दुरुस्ती करायची मुभा नियमानंच दिली आहे. आयातदाराच्या पत्त्यासाठी स्टिकर चालतो, तर खाणाऱ्याच्या मिठासाठी का चालू नये?

आणखी एक जागा बघून ठेवा, घटकांची यादी. वजनानं जे सर्वांत जास्त, ते पहिलं लिहिणं बंधनकारक आहे. पुढं मोठ्या अक्षरांत नाचणी आणि मागं पहिला शब्द मैदा असेल, तर ते मैद्याचं बिस्कीट. साखर पहिल्या तिनांत असेल तर ती मिठाई, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही साखरेच्याच घरातली नावं.

पाकीट सोडलं म्हणजे ताट सुधारलं, असंही मी म्हणणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या ताटात दिवसाला भाज्या-फळं मिळून अर्धा किलो आहेत आणि धान्य पाव किलो, तेही कच्चं. आपल्याकडे कसं असतं? ताटभर भात, वर तांदळाचीच भाकरी, मांदेलीचं किंवा बोंबलाचं कालवण, आणि भाजी कडेला चमचाभर. मासळी आहे, ती आपली श्रीमंती आहे, ती कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका. भाताचा ढीग निम्मा करा आणि त्या जागेवर भाजी घ्या. भात कापल्यावर त्याच ओलीवर घेतलेला वाल पूर्वी घरचाच असायचा. सिडको आली, बंदर आलं, आणि कितीतरी शेतांवर आता कंटेनर उभे आहेत. वाल विकत आणावा लागतो, पण आणावा.

त्या दुपारी मी एक वहीचा कागद फाडला. जाड पेनानं लिहिलं, 'एक मूठ शेव = चहाच्या चमच्याचा आठवा भाग मीठ', आणि शेवेच्या डब्यावर चिकटवला. आत्याबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. डब्याकडं बघत गप्प बसल्या. मग फडताळाकडं हात केला.

"लोनच्याच्या बरनीला पन एक चिकटव."