नाकासमोर चालू नये

लहानपणापासून आपल्याला सांगत आलेत, नाकासमोर चालावं. शेपटीला चाक असलेल्या विमानाला मात्र ही शिकवण लागू नाही. या जातीचं विमान जमिनीवर उभं राहतं तेच मुळी नाक वर आणि शेपूट खाली टाकून. पुढे दोन मोठी चाकं, मागे शेपटीखाली एक बारकं. वैमानिक आत बसला की त्याच्या पुढ्यात येतं इंजिनाचं झाकण आणि त्याच्या वर आभाळ. धावपट्टी, पेट्रोलचा ड्रम, झोपलेलं कुत्रं, साहेबांची जीप, जे काय समोर असेल ते सगळं झाकणाआड. जो आभाळात जायला निघालाय त्याला आभाळ आधीपासूनच दिसतंय. दिसत नाही ती फक्त जमीन, आणि सध्या तो तिच्यावरच चालतोय.

यातला खरा विनोद पुढे आहे. विमान धावायला लागलं, वेग वाढला, की शेपूट आपोआप उचलतं, नाक खाली येतं आणि सगळी धावपट्टी लख्ख दिसते. म्हणजे हळू चालताना आंधळं आणि सुसाट सुटल्यावर डोळस. उतरताना पुन्हा उलटं. तिन्ही चाकं एकदम टेकवायची तर नाक वर घ्यावं लागतं, आणि ऐन टेकायच्या क्षणी पुढची पट्टी गायब. तेव्हा वैमानिक समोर पाहतच नाही. तो डोळ्यांच्या कोपऱ्यांतून धावपट्टीच्या दोन्ही कडा पाहतो. दोन्हीकडे सारखीच पट्टी दिसली तर आपण मध्यावर.

हे सगळं मला अकोल्याच्या रामदासपेठेत, सोफ्यावर बसून कळलं. माझे मावससासरे, ज्यांना आम्ही काकाजी म्हणतो, तरुणपणी एका फ्लाइंग क्लबात ‘पुष्पक’ विमानावर धडे घेत होते. पुढे वडिलांनी वकिलीला घातलं आणि विमान सुटलं, पण जावई घरी आला की काकाजी हमखास पुष्पक बाहेर काढतात. सोफा ही बैठक, समोरचा टीपॉय हे इंजिन. टीपॉयवर दोन उशा रचायच्या, म्हणजे टीव्ही दिसेनासा होतो. मग पायाखाली दोन चपला, त्या रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पट्ट्या.

“आता सांगा जावईबापू, टीव्ही दिसते काय?”

“नाही.”

“मंग काय करसान?”

मी मान उंच केली. काकाजी खूश. नवशिक्या पहिल्यांदा हेच करतो म्हणे. मान ताणतो, मग बुडाखाली उशी घेतो, मग दुसरी घेतो, आणि मग पाय पट्ट्यांपर्यंत पोचत नाहीत. काकाजी उंचीनं बेताचे. उशीवर बसलं तर रस्ता दिसे पण ब्रेक लागेना, आणि उशी काढली तर ब्रेक लागे पण कशासाठी लावायचा ते दिसेना.

यावरचा जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे नागमोडी चालणं. पायानं रडर दाबायचा, शेपटीचं चाक वळतं, नाक जरा बाजूला सरकतं आणि त्याच्या कडेनं पुढचा रस्ता दिसतो. पाहून घेतलं की दुसरीकडे वळायचं. यात एक गंमत आहे. पुष्पकमध्ये दोघं शेजारी शेजारी बसतात आणि चालवणारा डावीकडे. त्याच्या उजव्या हाताला इंजिनाचं सगळं रुंद झाकण आडवं येतं. त्यामुळे त्याला स्वच्छ दिसतं ते नाक उजवीकडे वळल्यावर, डाव्या खिडकीतून. समोरचं पाहायचं असेल तर उजवीकडे वळून डावीकडे बघा! काकाजींना त्यांच्या शिक्षकांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं, आणि ते वाक्य काकाजी अजून त्याच सुरात म्हणतात, “वाकडा जाजो, पण पाहून जाजो.”

वळणं किती घ्यायची यालाही माप आहे. या विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं, म्हणून शेपटाला पुढे यायची घाई असते. वळण जरा जास्त झालं आणि वेळेवर आवरलं नाही, तर शेपूट गर्रकन फिरून विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. तेव्हा चाल माणसाच्या भरभर चालण्याएवढीच, आणि पाय सतत जागे. वैशाखातल्या आमच्या वाऱ्यात तर विचारूच नका. रस्ता अरुंद असेल आणि नागमोडीला जागाच नसेल, तर कोणीतरी पंखाच्या टोकाशी चालत राहायचं आणि हातानं खुणा करायच्या. कोणीच नसेल तर थांबायचं, इंजिन बंद करायचं, उतरून पुढे काय आहे ते बघून यायचं. हे शेवटचं मला फार आवडलं. वाहन थांबवून, उतरून, पुढे जाऊन बघून येणारा माणूस मी अमरावतीच्या राजकमल चौकात अजून पाहिलेला नाही.

पाहिलाय तो दुसराच. कापसाच्या हंगामात मोटारसायकलच्या टाकीवर गळ्याएवढं गाठोडं घेऊन येणारा. त्यालाही समोरचं दिसत नाही. तोही कधी डावीकडून, कधी उजवीकडून डोकावत, गाडी लचकवत येतो, आणि सुखरूप जातो. फरक इतकाच, की त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

हे नाक वर काढलेलं विमान घडवण्यात एका मराठी माणसाचा मोठा हात आहे, हे काकाजी अभिमानानं सांगतात. डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गोटिंगेनला प्रांटल यांच्यासारख्या वायुगतिशास्त्राच्या आद्य पंडिताकडे त्यांनी डॉक्टरेट केली आणि मग बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानं आखली. 1951 साली उडालेलं एचटी-2 त्यांचं, 1958 सालचं पुष्पक त्यांचं. पुष्पकचं इंजिन अवघ्या 90 अश्वशक्तीचं. आज मोठे ट्रॅक्टर याहून फार मागे नाहीत. इतक्या शिकलेल्या माणसाला पुढे एक चाक लावून नाक सरळ करता आलं नसतं का? आलं असतं. पण शेपटीचं चाक हलकं, स्वस्त आणि साधं. शिवाय नाक वर असल्यानं पंखा जमिनीपासून उंच राहतो, गोटे आणि ढेकळं त्याला लागत नाहीत. आमच्या काळ्या मातीत, श्रावणात, नाजूक पुढचं चाक घालून बघा. तिथे बैल फसतात. त्या काळच्या कच्च्या मैदानांना हेच विमान शहाणं होतं. किंमत काय, तर समोरचं दिसणार नाही.

फवारणीच्या विमानांनी यातूनही वाट काढली. हिंदुस्थान एरॉनॉटिक्सनं शेतीसाठी केलेल्या ‘बसंत’ला चाक शेपटीलाच, इंजिन 400 अश्वशक्तीचं, पण वैमानिकाची बैठक औषधाच्या टाकीमागे मुद्दाम उंच. माळ्यावर बसलेल्या राखणदाराला वावर दिसतं तसं त्याला सगळं खाली दिसे. उशीचाच उपाय, फक्त कारखान्यातून करून आलेला.

मोठ्या विमानांचीही हीच रड होती. 1949 साली सुरू झालेली रात्रीची टपाल सेवा आठवा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी विमानं मध्यरात्री नागपूरला सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत परत फिरायची. त्यांत डकोटा होती, आणि डकोटाही शेपटीवर टेकणारं. मुंबईचं विमान आमच्या वऱ्हाडावरूनच जायचं. खाली अकोला-अमरावती घोरत पडलेली, आणि वर आमच्याच भाऊबंदांची मनीऑर्डर.

परदेशी मंडळींनी तर याच्या पुढची सोंगं केली. लिंडबर्गनं 1927 साली एकट्यानं अटलांटिक ओलांडला त्या विमानाला पुढची काचच नव्हती. पेट्रोलची मोठी टाकी त्यानं आपल्या समोर ठेवून घेतली, कारण अपघात झाला तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये सापडायचं नव्हतं. पुढचं पाहायला बाजूनं एक पेरिस्कोप. दुसऱ्या महायुद्धात वाळवंटातल्या तळांवर पंखावर मेकॅनिक बसवत आणि तो हातानं वाट दाखवी. अमेरिकन ‘कोर्सेअर’चं नाक इतकं लांब, की आरमारानं सुरुवातीला ते जहाजावर उतरवायला नकोच म्हटलं, मग वैमानिकाची खुर्ची काही इंच उचलली आणि शेपटीच्या चाकाचा पायही लांब केला. ‘स्पिटफायर’ची कथा याच्याही वरताण. जोराच्या वाऱ्यात शेपूट उचलू नये म्हणून चालत्या विमानाच्या शेपटीवर माणूस बसवायचा रिवाज होता. फेब्रुवारी 1945 मध्ये इंग्लंडातल्या हिबाल्डस्टो तळावर मार्गारेट हॉर्टन नावाची मुलगी अशी बसली होती. वैमानिक तिला उतरवायचं विसरला आणि थेट उडाला. एक चक्कर मारून ती शेपटीला मिठी मारलेल्या अवस्थेत सुखरूप खाली आली. या विमानात पुढचं दिसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागचंही दिसत नाही, हे त्या दिवशी कळलं.

आता म्हणे नाकाखाली छोटा कॅमेरा लावतात आणि समोर पडद्यावर रस्ता पाहतात. काकाजींना हे पटत नाही. पडदा धुळीनं माखला तर काय, हा त्यांचा प्रश्न वकिली असला तरी खोटा नाही. मला विचाराल तर कॅमेरा असू द्यावा आणि नागमोडी चालणंही सोडू नये.

परवा अकोल्याला निघालो तो त्या प्रसिद्ध रस्त्यानं. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला पट्ट्यात 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज बुकात नाव गेलं, तोच. नाकासमोर जायला याहून बरा रस्ता नाही. अकोल्याच्या अलीकडे शिवणीची धावपट्टी लागते. 1943 सालातली, शेजारी कृषी विद्यापीठाची शेतं. तिची लांबी वाढवायची चर्चा मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. आमच्या बेलोरा विमानतळाचं नशीब आधी उघडलं: 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान उतरलं आणि अर्धी अमरावती ते पाहायला गेली. तिथेच एअर इंडियाची वैमानिक घडवणारी शाळा ठरली आहे. त्यासाठी 34 विमानं मागवली, 31 पायपर आणि 3 डायमंड.

ही बातमी मी काकाजींना दिली, तर त्यांचा पहिला प्रश्न, “चाक कुठी हाये?”

“पुढे. सगळ्यांना पुढेच.”

काकाजींनी उशा टीपॉयवरून उचलून सोफ्यावर ठेवल्या. “मंग पोट्ट्यायले समोरचं सारंच दिसन. समोर दिसलं का मानूस बाजूले पाह्यत नाही, जावईबापू. पंखाचं टोक ठोकतीन कुठीतरी. आमची बाजूकडची नजर अशी पक्की, का एक बोटभर जागा असो, सांगून टाकू.”

काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. टीपॉय मोकळा झालेला पाहून त्यांनी तो ठेवला आणि मला म्हणाल्या, “बाहेर फाटकाजवळून आले ना तुम्ही? गाडीचा डावा आरसा पाह्यला काय?”

“नाही पाहिला.”

“नाहीच दिसनार. तो आता घरात फडताळात हाये. आन उजवा मेकॅनिकजवळ.”

काकाजींनी साखर किती म्हणून विचारलं.