फाटकालगतचे भाग्य

रेल्वे फाटकाला लागून फ्लॅट मिळायला पूर्वपुण्याई लागते. फाटकाआधी रुळांशेजारी ‘सी/फा’ अशी पिवळी पाटी असते. म्हणजे सीटी, फाटक. तिथून लोको पायलटने भोंगा सुरू करायचा, तो फाटक ओलांडेपर्यंत. आमच्या बाल्कनीतल्या वाळत्या टॉवेलांमागे हीच पाटी दिसते. बिल्डरने जाहिरातीत नुसतं ‘स्टेशनपासून दोन मिनिटं’ छापलं, हा त्याचा विनय.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ती अर्थातच ज्यांच्या दारावरून मालगाडी जात नाही त्या अभाग्यांसाठी.

शिवाय भोंग्याने संसार टिकतात. नवराबायकोच्या भांडणात नेमकं वर्मी लागणारं वाक्य मालगाडीखाली जातं. कौटुंबिक न्यायालयांनी घटस्फोटाआधी सहा महिने फाटकालगत बिऱ्हाड सक्तीचं करावं. (सासूबाई सोबत असल्यास तीन पुरेत.) या सुविधेचा आकार मेन्टेनन्समध्ये धरावा, असा ठराव सर्वसाधारण सभेत आला होता. मंजूर झाला की नामंजूर, ते कुणालाच ऐकू आलं नाही.

आवाजाबद्दल सोसायटीकडे आजवर एकच लेखी तक्रार आली आहे: तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ रात्री रडतं. आईवडिलांना नोटीस बजावली आहे.