नंबर लागला नाही

अकरावीची पहिली यादी लागली की पुण्यात दोनच प्रकारची घरं उरतात. लागलेल्यांच्या घरी पेढे येतात, न लागलेल्यांच्या घरी मामा येतो. मामा कलामांची गोष्ट सांगतो. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत जागा आठ होत्या, कलाम नववे आले, म्हणून देशाला क्षेपणास्त्रं मिळाली. पोरगा मान डोलावतो. ९५ टक्के मिळवून फर्ग्युसन हुकलेल्या त्या पोराला एवढं ठाऊक असतं, की मामाही त्याच्या काळी एसपी कॉलेजला लागला नव्हता आणि त्याने अजून एकही क्षेपणास्त्र उडवलेलं नाही.

नाकारलं जाण्यातून शिकावं म्हणतात. शिकायचं काय? २०२५ च्या दहावीत राज्यात २११ मुलांना शंभरपैकी शंभर टक्के मिळाले, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. वर बेस्ट ऑफ फाइव्ह, वर कला-क्रीडेचे वाढीव गुण. अशा सुगीत एखाद्याचं कॉलेज ‘पॉइंट दोन’ने जातं. कमी पडलं म्हणावं तर गुणपत्रिका हसते. पॉइंट दोनशी भांडताही येत नाही. त्याला ना केबिन, ना तोंड.

आणि हुकतं तरी काय? सायन्सच्या कित्येक पोरांचा दिवस क्लासमध्येच उगवतो आणि तिथेच मावळतो. कॉलेज असतं प्रॅक्टिकलपुरतं आणि ओळखपत्रावर. क्लास आणि कॉलेजांचे हे ‘टाय-अप’ मोडायला सरकारने २०१८ मध्ये सायन्सच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी लावायचा आदेश काढला. टाय-अप आहेत तिथेच आहेत. ज्या वर्गात दोन वर्षं फिरकायचं नाही, त्या वर्गाचं दार बंद झालं म्हणून घरात सुतक! खरं दुःख बाबांचं असतं. लग्नाच्या पंगतीत ‘आमचा फर्ग्युसनला’ म्हणायची सोय गेली.

नाकारलं जाणं कशाला म्हणतात, ते कमला भागवतांना विचारायला हवं होतं. लेखिका दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण, पुढच्या कमला सोहोनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिली आली. वडील आणि काका ज्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले, तिथेच अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे.

कमलाबाईंकडेही मामा-काका असतील. पण त्या ‘जे होतं ते चांगल्यासाठी’ म्हणत बसल्या नाहीत. थेट रामनांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि कारण मागितलं, हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, संचालकांचं समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही, आणि मुलांचं लक्ष विचलित करायचं नाही. (विचलित होणाऱ्यांना अट नव्हती.) वर्षभराने रामनांना मानावं लागलं आणि संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये पीएचडी झाल्या. प्रबंध म्हणे जेमतेम चाळीस पानांचा. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतात. पण तो अपमान त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या. रामन शास्त्रज्ञ थोर, मन मात्र कोतं, असं त्यांनी भर सत्कारात सुनावलं. गोड बोलून विसरून जाण्याचा तो प्रसंगच नव्हता.

यातली गंमत रामनांच्या बाजूला आहे. तरुणपणी त्यांनाही नाकारलं होतं. इंग्लंडची हवा या किडकिडीत पोराला झेपणार नाही, असं मद्रासच्या सिव्हिल सर्जनने ठरवलं आणि आयसीएसचा रस्ता बंद झाला. म्हणजे शरीर बघून दार लावून घेणं काय असतं, हे ते भोगलेले होते. खुर्ची मिळाल्यावर त्यांनी तेच केलं. नाकारलं गेलेला माणूस हमखास शहाणा होतो, ही मामांची समजूत नोबेलवाल्याच्या बाबतीतही खरी ठरली नाही.

कमलाबाईंना बंगळूरला जाऊन नेमकं काय शिकायचंय ते माहीत होतं, म्हणून भांडता आलं. आपल्या पोराला त्या कॉलेजात काय करायचं होतं, हे घरात कुणी विचारलेलंच नसतं. फॉर्म बाबा भरतात, ओटीपी आईच्या मोबाइलवर येतो, आणि पोरगा आपण कुठे लागलो नाही ते शेजारच्या काकूंकडून ऐकतो.

फेऱ्या अजून आहेत. पसंतीक्रमाच्या दहा रकान्यांतला निदान पहिला तरी पोराला भरू द्या. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. आणि ती दोन वर्षं त्याची जाणार आहेत, तुमची नाहीत.