दाढा, दंड आणि तिरफळ

वेंगुर्ल्यात जावयाचे लाड होतात, पण त्याआधी त्याची परीक्षा होते. पहिला पेपर खाज्याचा. बेसनाची जाड शेव तळून आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवलेली ही वस्तू जत्रेशिवाय शोभत नाही. जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकात संकासुर राक्षस आला, की पोरांच्या मांडीवरच्या पुडीतला कडकड आवाज तेवढ्यापुरता थांबतो. जावयाच्या दाढा शाबूत असतील तर पुढचा पेपर.

तो शिरवाळ्यांचा, आणि हा दंडांचा. तांदळाच्या पिठाची उकड, तिचे गोळे, ते गोळे पुन्हा उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि चटके सोसत लाकडी साच्यात कोंबायचे. गोळा जरा निवला की साचा हटून बसतो. एकाने दाबायचं, दुसऱ्याने खाली ताटली फिरवायची. या कामी धडधाकट जावई आयताच सापडतो. केरळात इडिअप्पम करताना शेवया आधी पाडतात आणि मग वाफवतात, म्हणजे दाबणाऱ्याला निदान उकळत्या पाण्यातला गोळा धरावा लागत नाही. चीनच्या फुजियान किनाऱ्यावर तांदळाच्या शेवया वाळवून ठेवतात आणि हव्या तेव्हा रश्शात टाकतात किंवा परततात. वेंगुर्लेकर शिरवाळे नारळाच्या रसात गूळ-वेलची घालून बुडवतो. चिनी माणसाला हे सांगितलं तर तो काय म्हणेल कोण जाणे. पण दोन वाट्या रस संपल्यावर बोलायला कोणाला सुचतं?

चीनशी सोयरीक खरी जमते ती तिरफळाची. सिच्वानची जीभ बधिर करणारी मिरी याच कुळातली. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, तिरफळं पडली, की सासूबाई आतून ओरडतात, "जावयबापू, तिरफळां चावू नकात हां!" तोवर जावयाची जीभ झिणझिणू लागलेली असते आणि पुढच्या माशाची चव फक्त डोळ्यांनी घ्यावी लागते.

राहिला काजू. पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला आणि वेंगुर्ल्याने त्याला चक्क नंबर दिले. इथल्या फळ संशोधन केंद्राचं काम 1957 पासून चालू आहे, आणि तिथे निघालेल्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जाती कोकणभर लावल्या जातात. पण उसळीला हवा तो ओला काजू, आणि त्याच्या सालीतला चीक हाताची कातडी सोलून काढतो. काजू सोलणाऱ्या बायका बोटांना तेल चोपडतात किंवा राख लावतात, तरी बोटं काळी पडतातच. म्हणून उसळ वाढताना आग्रह जरा जपून होतो, आणि ते रास्तच आहे.

ओले काजूगर साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात आणि ते शेकड्याने विकतात. किलोचा भाव विचारू नये. त्यावरून विचारणारा मुंबईचा आहे हे कळतं आणि शेकडा लगेच महागतो.