थकबाकीदार : ????

सोसायटीचा हिशेब वहीतून संगणकावर नेण्याचा ठराव आला, तेव्हा मी पंखा जरा कमी करा म्हणून हात वर केला होता. तो अनुमोदन म्हणून धरला गेला आणि कामही माझ्याच गळ्यात पडलं.

ऑफिसातल्या जुन्या संगणकावर मायएसक्यूएल या डेटाबेसची तितकीच जुनी आवृत्ती चढवली. काम सोपं. पूजेला बसलेला यजमान गुरुजींनी खूण केली की 'मम' म्हणतो, तसं दर प्रश्नाला एंटर मारायचं. रूटचा पासवर्ड द्या. एंटर. नक्की नको? एंटर. रूट म्हणजे सर्वाधिकारी. टेबल बनवणारा, उडवणारा आणि बाकीच्यांना अधिकार वाटणारा. नंतर 'मायएसक्यूएल_सिक्युअर_इन्स्टॉलेशन' नावाची आज्ञा चालवायची असते. ती रूटला पासवर्ड लावते, निनावी खाती काढते, रूटला बाहेरून यायची बंदी करते, सरावाचा 'टेस्ट' डेटाबेस पुसते. मी चालवली नाही. आपल्याकडे वॉचमन आहे.

मग अधिकारवाटप. खजिनदारांना मी नियमाप्रमाणे फक्त 'सिलेक्ट' दिलं, म्हणजे बघा पण हात लावू नका. "मग मी खजिनदार कशाला?" म्हणून ते रुसले. चेअरमनसाहेब तर 'ग्रँट ऑल'च्या खाली उतरायलाच तयार नव्हते. शिवाय त्यांना सगळं घरबसल्या हवं होतं. सर्व्हर बिचारा १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त स्वतःच्या घरातल्यांचं ऐकत बसला होता. बाइंड-ॲड्रेसच्या ओळीत मी ०.०.०.० केलं आणि राउटरवर ३३०६ पोर्ट उघडलं. गेटवर पिझ्झावाल्या पोराकडून नाव, मोबाइल, गाडीचा नंबर नि सही घेतात. ३३०६ वर सगळ्या जगाला मुक्तद्वार.

पण घात केला तो स्वीडनने. हे सॉफ्टवेअर मूळचं तिकडचं. त्यातलं 'माय' हे कर्त्या मॉन्टी विडेनियस यांच्या मुलीचं नाव. धाकटीच्या नावाने पुढे मारियाडीबी निघालं. आपण लेकीचं नाव रिक्षाच्या मागे लिहितो, त्यांनी डेटाबेसला दिलं. कौतुकच आहे. मात्र टेबल बनवताना काही सांगितलं नाही, तर जुन्या आवृत्त्या 'लॅटिन१' अक्षरसंच आणि स्वीडिश वर्णक्रम गृहीत धरत. न सांगता मराठी पेलणारा 'यूटीएफ८एमबी४' मिळायला ८.० आवृत्ती, म्हणजे २०१८ साल उजाडावं लागलं. आमचं यंत्र त्याच्या आधीचं आणि नावं मराठी.

थकबाकीची यादी छापली. सगळी प्रश्नचिन्हं! निरखून पाहिल्यावर उमगलं, की अक्षर, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाचं एकेक चिन्ह झालंय. तीन चिन्हं म्हणजे कदम. आठ म्हणजे देशपांडे. सोसायटीत एवढं लांब दुसरं कोणी नाही. खजिनदार पेन्सिल घेऊन मोजायला बसले. 'सिलेक्ट' अखेर कामी आलं.

चारपाशी गाडी अडली. जोशीही चार, मोरेही चार. फ्लॅट नंबरचा रकाना मी केलाच नव्हता, इथे सगळे एकमेकांना नावाने ओळखतात म्हणून. अक्षरसंच बदलून पाहिला, पण एकदा प्रश्नचिन्ह साठलं की मूळचं अक्षर परत येत नाही. बॅकअप होता, त्याच संगणकावर, प्रश्नचिन्हांसकट. वही ठराव क्रमांक दोननुसार रद्दीत गेलेली.

सभेत जोशी म्हणाले, ते मोरे आहेत. मोरे म्हणाले, ते जोशी आहेत. एवढ्यात कोपऱ्यातून साने उठले आणि म्हणाले, "माझीही चार चिन्हं. या दोघांची बाकी मी भरणार नाही."