मालक पुण्याचे, जाब लातूरकरांना

ब्लॅकबर्न, लँकेशायर

ती. नाना व ती. आई यांस,


इकडे सर्व क्षेम आहे. पाऊसही आहे. शनिवारी दुपारी घरातलं कुणीच फोन का उचलत नाही, अशी आईंची तक्रार नणंदबाईंमार्फत पोचली. तर खुलासा असा, की शनिवारी दुपारी तुमचे चिरंजीव आणि नातू ईवुड पार्कवर असतात. तिथं खिशातला फोन वाजलेला कळत नाही, आणि कळला तरी उचलत नाहीत. लातूरहून आलेला असला तरी.

ईवुड पार्क हे ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचं मैदान. क्लब १८७५ सालचा, आणि १८९० पासून याच मैदानावर मुक्कामाला. शर्ट अर्धा निळा, अर्धा पांढरा. कापड कमी पडल्यावर शिंप्यानं वेळ मारून नेली असावी, असं सूनबाई पहिल्यांदा म्हणाल्या आणि घरात दोन दिवस अबोला झाला.

मॅचच्या दिवसाचे इथले नेमधर्म आपल्या चातुर्मासापेक्षा कडक. रस्ता ठरलेला, खुर्ची ठरलेली, स्कार्फ ठरलेला. मागची मॅच जिंकताना घातलेले मोजे धुवायचे नाहीत. क्लब अलीकडे फारसा सलग जिंकत नाही, म्हणून घर राहण्याजोगं आहे. मध्यंतरात मटणाचा किंवा बटाट्याचा पाय खायचा. हा पाय म्हणजे जाड पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ, नावावरून आईंनी दचकू नये. तो इतका गरम असतो, की पहिल्या घासाला जीभ भाजते आणि पुढची चव कळत नाही. त्यात सगळ्यांचंच हित आहे.

बिअरचा कायदा मोठा मजेशीर. १९८५ च्या कायद्यानुसार इंग्लंडात मोठ्या क्लबांच्या मॅचला, जिथून मैदान दिसतं तिथं बसून दारू पिता येत नाही. स्टँडच्या पोटातल्या बोळात मात्र चालते. त्यामुळे मध्यंतराची शिट्टी वाजायच्या आधीच निम्मे लोक खुर्च्या सोडून खाली धावतात, पंधरा मिनिटांत ग्लास रिकामे करतात आणि धापा टाकत वर येतात. तेवढ्यात गोल झालेला असला, तर तो नक्की कसा झाला यावर न पाहिलेल्यांचंच एकमत होतं.

दुसरी गंमत टीव्हीची. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलची मॅच टीव्हीवर थेट दाखवायची नाही, असा फार जुना दंडक आहे. लोकांनी घरी न बसता मैदानावर यावं, हा हेतू. म्हणून मँचेस्टरची तीनची मॅच नांदेडला सूनबाईंचा भाऊ पलंगावर पडून बघतो, आणि मँचेस्टरपासून तासाभराच्या अंतरावर राहणारे त्याचे भाऊजी त्यालाच स्कोअर विचारतात.

आत बसल्यावर मात्र लातूरची आठवण येते. सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचा फड रंगला, की ज्यांनी जन्मात लंगोट कसला नाही तेही "पट काढ, पट काढ" म्हणून पैलवानाला शिकवतात ना, अगदी तसंच. चिरंजिवांच्या शेजारी बसणारे आजोबा दोन जिने चढताना तीनदा थांबतात, पण बावीस वर्षांच्या खेळाडूला "पळ, आळशा" म्हणून ओरडायला त्यांना दम पुरतो. शिव्यांचा दर्जा उत्तम आहे. नातवाचं इंग्रजी फार सुधारलं, असं तुम्ही फोनवर कौतुकानं म्हणालात. ते शाळेत सुधारलेलं नाही.

सूनबाई एकदाच गेल्या. नांदेडात खालसा हायस्कूलच्या मैदानावर गोल्ड आणि सिल्व्हर कपाची हॉकी बघत त्या वाढलेल्या, तेव्हा खेळातलं आपल्याला कळतं, असा त्यांचा समज. हॉकीनं ऑफसाइडची कटकट नव्वदच्या दशकातच काढून टाकली, मग तुम्ही ती अजून का सांभाळता, एवढंच त्यांनी आजोबांना विचारलं. आजोबांनी उत्तर द्यायला सुरुवात केली. मॅच संपली तरी उत्तर चालू होतं.

आता मुख्य दुखणं. नाना, हा क्लब आपल्याकडच्या मंडळींचा आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहानं तो विकत घेतला. होय, तेच कोंबडीवाले! महिन्याभरात त्यांनी मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस यांना नारळ दिला. दीड वर्षात, ७ मे २०१२ रोजी, विगनकडून इथंच एक गोल खाऊन क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या रात्री चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. जगभरच्या वर्तमानपत्रांत क्लबच्या पराभवापेक्षा कोंबडीचा फोटो मोठा आला. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या स्तरावर गेला आणि पुढच्याच वर्षी परत वर आला. तरी दरसालचा तोटा मालकच भरून काढतात, हे त्यांच्यावर टीका करणारेही कबूल करतात. मात्र आधी शिवी, मग कबुली, हा क्रम कुणी मोडत नाही.

यात आपला संबंध काय? संबंध असा, की चिरंजीव महाराष्ट्रातले आहेत हे आजोबांना कळलं. तेव्हापासून गोल खाल्ला की ते बाजूला वळून विचारतात, "तुमचे पुण्याचे लोक करतायत तरी काय?" लातूर वेगळं, पुणं वेगळं, मध्ये तीनशेच्या वर किलोमीटर आहेत, हे चिरंजिवांनी मोबाइलवर नकाशा उघडून दाखवलं. आमच्याकडे मराठवाड्यातही पुण्याबद्दल बऱ्याच तक्रारी आहेत, २०१६ साली आम्हाला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं, असंही ऐकवलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही त्यांचा त्रास आहे तर!" मिरज पुण्यात नाही हे सांगायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात कॉर्नर मिळाला. तेव्हापासून दोघांची गट्टी आहे.

याच आजोबांनी मालकांचा निषेध म्हणून सीझन तिकीट घेणं बंद केलंय. आता ते दर मॅचला सुटं तिकीट काढतात. त्यात वर्षाकाठी जास्त पैसे जातात, हे त्यांना सांगायचं नाही, अशी घरच्यांची सगळ्यांना ताकीद आहे.

त्यांचं दुःख समजून घ्यायला १४ मे १९९५ हा दिवस माहीत पाहिजे. जॅक वॉकर नावाच्या इथल्याच पोलादवाल्यानं आपला धंदा विकून आलेला पैसा क्लबात ओतला, केनी डॅल्ग्लिशना मॅनेजर आणलं, अ‍ॅलन शिअररला घेतलं. शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलला हरले, पण तिकडे लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडलाही वेस्ट हॅमविरुद्ध जिंकता आलं नाही, आणि हरलेले रोव्हर्स चॅम्पियन झाले. १९१४ नंतर प्रथमच. वॉकर २००० मध्ये गेले. त्यांचा पुतळा मैदानाबाहेर आहे, आणि मॅच हरल्यावर आजोबा त्याच्याकडे बघत पार्किंगकडे जातात.

गाव तसं आपल्याच वळणाचं. एके काळी कापडगिरण्यांचं. नांदेडच्या उस्मानशाही मिलसारख्या त्याही मिटल्या. स्वदेशीच्या चळवळीनं इथल्या मागांना फटका बसला, तरी सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी शेजारच्या डार्वेनला आले तेव्हा गिरणी कामगारांनी त्यांचं प्रेमानं स्वागत केलं. आता गावात गुजराती आणि पाकिस्तानी मुसलमान कुटुंबं भरपूर आहेत. २०२२ च्या ईदला क्लबनं मैदानच नमाजासाठी खुलं केलं. ब्रिटनमधल्या फुटबॉल क्लबांत हे पहिल्यांदाच घडलं. एरवी ज्या हिरवळीवर पाऊल टाकलं की पोलीस उचलतात, तिथं लोक सहकुटुंब चटया अंथरून बसले.

उन्हाळ्यात तुम्ही दोघं येणार, तर सामानाची यादी अशी: येसर, शेंगदाण्याची चटणी, थोडा भुरका, सुशील्यासाठी लातूरचे मुरमुरे. नानांचा मरून स्वेटर मात्र तिकडेच राहू द्यावा. वीसेक किलोमीटरवरच्या बर्नलीचा क्लब त्याच रंगाचा शर्ट घालतो. या दोन गावांची मॅच असली, की पाहुण्या प्रेक्षकांना पोलीस ठरवलेल्या बसमधून आणतात आणि तसेच परत नेतात. आजोबांनी पुणं माफ केलंय, बर्नली करणार नाहीत. नवा निळा स्वेटर इथून घेऊन ठेवला आहे, मापाला जरा ढगळ आहे.

आपली,
सूनबाई