संदर्भमार्तंड

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात ज्याच्या मेजावर पुस्तकांची चळत सर्वांत उंच असते, त्या चळतीतील एकाही पुस्तकाचे पान ज्याच्या हातून उलटले जात नाही, परंतु प्रत्येकाचे शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती आणि सनावळी जो इमानेइतबारे वहीत उतरवून घेत असतो, तो आमचा संदर्भमार्तंड होय. पदव्युत्तर वर्गात लघुप्रबंधाचा हंगाम आला की प्रत्येक महाविद्यालयात असा एक तरी मार्तंड उगवतोच. त्याचा विषय बहुधा ‘पेशवेकालीन पुण्याचा पाणीपुरवठा’ अशा भारदस्त जातीचा असतो. प्रबंध ऐंशी पानांचा आणि संदर्भसूची चाळीस पानांची. इतर विद्यार्थी आधी लिहितात आणि मागाहून सूची करतात. मार्तंडाची सूची प्रथम सिद्ध होते, आणि प्रबंध हा त्या सूचीची प्रस्तावना म्हणून यथावकाश अवतरतो.

‘पुणे हे मुळा-मुठेच्या काठी वसले आहे’ या विधानाला तो तीन ग्रंथांचा आधार देतो. न जाणो, एखाद्या परीक्षकाने नद्यांवरच हरकत घेतली तर! मात्र नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजहून शहरात पाणी आणणारा नळ, त्यावरचे उच्छ्वास आणि पेठांतले हौद यांचा जो बारीकसारीक तपशील कोणा दुसऱ्याने उन्हातान्हात हिंडून गोळा केला, तो सर्व मजकूर मार्तंडाच्या लेखणीतून बेवारस म्हणून उतरतो. जे सर्वांना ठाऊक आहे त्याला दाखला लागत नाही, आणि जे दुसऱ्याच्या श्रमाचे आहे त्याला तो दिल्यावाचून चालत नाही, हा संशोधनातला साधा व्यवहार. मार्तंड ही दोन्ही कलमे कसोशीने पाळतो, फक्त उलट बाजूंनी.

थोर नावांचे त्याला विलक्षण आकर्षण. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ २२ खंडांत प्रसिद्ध केली, आणि गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग संपादिले. त्यांतील एखादे पत्र ज्याला पुढे करायचे असेल त्याने खंड आणि लेखांक सांगावा, म्हणजे वाचकाला नेमके तेच पत्र काढून खातरजमा करता येते. दाखल्याचे प्रयोजनच ते. मार्तंडाची तळटीप ‘पाहा : राजवाडे’ एवढ्यावरच थांबते. परीक्षकाने मग बावीसच्या बावीस खंड पाहावेत आणि तेवढ्या अवधीत निकाल लागून जावा, अशी त्यात दूरदर्शी तजवीज असते. मोडीचे एक अक्षर लागत नसतानाही तो पुरालेखागारातील रुमालांचे क्रमांक बेधडक टाकतो. वस्तुतः हे सारे ऐश्वर्य मुखपृष्ठ गळालेल्या एका शंभर पानी पुस्तिकेतून आलेले असते, आणि त्या चाळीस पानी सूचीत नाव नसते ते नेमके तिचेच. मूळ कागद पाहिला नसेल तर ‘अमक्याच्या ग्रंथात उद्धृत’ असे लिहिण्याची सोय आहे, आणि त्यात कमीपणा कसलाच नाही. परंतु मार्तंडाला ते म्हणजे सरदाराने भर दरबारात आपली पालखी भाड्याची असल्याचे जाहीर करण्यासारखे वाटते.

‘तत्रैव’ या शब्दावर त्याचा विशेष लोभ. परंतु टंकलेखन आटोपल्यावर, पान अधिक विद्वान दिसावे म्हणून, तो मध्येच एक नवी टीप घुसवतो, आणि खालचे सगळे ‘तत्रैव’ एका क्षणात धनी बदलतात. कात्रजच्या नळाची मोजमापे मग ‘भाऊसाहेबांच्या बखरी’च्या खाती जमा होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या मजकूरसाम्याला शिक्षा नाही, हे कळल्यापासून तर तेवढा मजकूर उचलणे हा तो आपला वतनी हक्कच मानतो. सरदेशमुखीचा दरही शेकडा दहाच होता, असा ऐतिहासिक आधार त्याच्यापाशी तयार असतो. अर्थात, या एका आधाराला तो तळटीप देत नाही.

तोंडी परीक्षेत मात्र प्रसंग गुदरतो. त्या अनामिक पुस्तिकेत जुळाऱ्याच्या हातून १६४ चे ६१४ झालेले असते, आणि ज्या पत्रसंग्रहाची पाने चारशेच्या आतच संपतात त्याच्या ६१४ व्या पृष्ठाचा हवाला मार्तंडाने मोठ्या आत्मविश्वासाने दिलेला असतो. परीक्षक तो ग्रंथ त्याच्यापुढे सरकवून म्हणतात, “हे पान जरा काढून दाखवा बरं.” मार्तंड ग्रंथ हाती घेतो, आजवर ज्याचे केवळ नाव ऐकले त्या आप्ताला प्रथमच भेटल्याप्रमाणे न्याहाळतो, आणि विनयाने उद्गारतो, “सर, माझ्याजवळची आवृत्ती निराळी असावी.” परीक्षकांना चहाची वेळ झालेली असते, प्रबंध मंजूर होतो.

कालांतराने तो पुस्तकरूपाने निघतो, ६१४ व्या पृष्ठासह; कारण एकदा छापलेला दाखला बदलणे मार्तंडाच्या तत्त्वात बसत नाही. पुढे तो स्वतः मार्गदर्शक होतो, आणि एके दिवशी परीक्षणासाठी आलेल्या एका प्रबंधात त्याला आपलीच पाने, आपल्या नावावाचून, शब्दशः आढळतात. त्याच्या संतापाला पारावार राहत नाही. विद्याक्षेत्रातील नीतिमत्तेच्या अधःपाताविषयी तो कुलगुरूंकडे सविस्तर फिर्याद गुदरतो आणि पुराव्यादाखल लिहितो की, सदरहू ६१४ वे पृष्ठ मूळ ग्रंथात अस्तित्वातच नाही. सबब विद्यार्थ्याने मूळ ग्रंथ पाहिला नसून ते प्रस्तुत फिर्यादीच्या पुस्तकातूनच उचलले आहे, हे निर्विवाद सिद्ध होते. त्या अर्जात खंड, भाग, आवृत्ती, सन, पृष्ठ आणि ओळ हा सारा तपशील मूळ ग्रंथाशी ताडून पाहिलेला असतो, आणि आयुष्यात प्रथमच त्याचा एकही दाखला चुकलेला नसतो.